रोमन आकडे लिहायला शिकताना



सुरुवातीलाच एक विनंती करतो. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे जरा बघा. वेळ बघायला सांगत नाहीये, ते काम संयोजक करतीलच! त्यावरचा चारचा आकडा बघा. शाळेत आपण रोमन चार कसा शिकलो? आधी आय, मग व्ही. म्हणजे पाचातून एक वजा. आणि इथे तर सरळ चार उभ्या रेघा आहेत. मग चुकलं कोण, घड्याळवाला की आपले गुरुजी?

कोणीच चुकलेलं नाही. हे असं का, एवढं समजून घ्यायला आपल्याला रोमपासून जुन्नरपर्यंत जावं लागणार आहे.

आधी रोमला जाऊ. तिथलं कलोसियम इ.स. ८० मध्ये खुलं झालं. हजारो प्रेक्षक आत सोडायचे, म्हणून कमानींवर क्रमांक कोरले होते. त्यातले काही आजही वाचता येतात. ४४व्या कमानीवर काय आहे? एक्स, एल आणि पुढे चार रेघा. चाळीस लिहिताना पन्नासातून दहा वजा केले, पण चार लिहिताना वजाबाकी केलेली नाही. एकाच आकड्यात दोन्ही रीती!

दुसरं उदाहरण याहून गमतीचं आहे. इ.स. ९ मध्ये जर्मनीतल्या ट्युटोबर्गच्या जंगलात रोमन सैन्याचा दारुण पराभव झाला. त्यात मार्कस कॅलियस नावाचा एक सेनानायक पडला. त्याचा स्मृतिशिलालेख आज बॉनच्या संग्रहालयात आहे. त्याची पलटण अठरावी. ती कशी कोरली आहे? एक्स, दोन रेघा, एक्स. आपल्या परीक्षेत कोणी असं लिहिलं असतं तर गुण कापले असते. पण लॅटिन बोलणाऱ्याला त्यात काही वावगं नव्हतं, कारण लॅटिनमध्ये अठराला म्हणतातच मुळी ‘विसाला दोन कमी’.

हसू नका. आपण एकोणीस म्हणतो तेव्हा काय करतो? एक ऊन वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, सगळीकडे तेच. रोमन माणसाची वजाबाकी आपण दिवसभर तोंडाने करत असतो, फक्त तिकडे लक्ष जात नाही.

तर पहिली गोष्ट ही, की आज आपण शिकवतो ते पक्के नियम प्राचीन रोममध्ये तितके पक्के नव्हते. ते हळूहळू घट्ट होत गेले. आता ते नियम कसे चालतात, तेही करून पाहू. कागद असेल तर काढा.

सात अक्षरं आहेत. आय एक, व्ही पाच, एक्स दहा, एल पन्नास, सी शंभर, डी पाचशे, एम हजार. मोठं आधी, लहान नंतर लिहिलं की बेरीज. लहान आधी आलं की वजाबाकी. पण वजाबाकीत मनमानी नाही. आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी येतो, एक्स फक्त एल आणि सीच्या आधी, सी फक्त डी आणि एमच्या आधी. त्यामुळे ४९ म्हणजे आय-एल नव्हे. आधी चाळीस, एक्स-एल. मग नऊ, आय-एक्स. मुलं नेमकी इथेच चुकतात. त्यांना एकच सांगायचं, की संख्या आधी फोडा. हजार वेगळे, शतक वेगळं, दशक वेगळं, एकक वेगळं. १९६० घ्या, आपल्या राज्याच्या स्थापनेचं वर्ष. हजार म्हणजे एम. नऊशे म्हणजे सी-एम. साठ म्हणजे एल-एक्स. संपलं.

संपलं म्हणालो खरा, पण एककाच्या घरात शून्य होतं, त्याचं काय केलं? काहीच नाही. लिहायची गरजच पडली नाही. प्रत्येक अक्षर आपली किंमत स्वतःबरोबर घेऊन फिरतं. सी कुठेही असला तरी तो शंभरच. आपल्या आकड्यांचं तसं नाही. आपला १ कधी एक असतो, कधी दहा, कधी हजार. तो कुठल्या घरात उभा आहे यावर त्याची किंमत ठरते, आणि म्हणून रिकामं घर दाखवायला शून्य लागतं.

मागे एका शाळेत हे सांगत होतो. एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘‘सर, मग ते गुणाकार कसा करायचे?’’ फार चांगला प्रश्न. ४७ गुणिले २३ ही अक्षरं एकाखाली एक मांडून करून पाहा, डोकं धरून बसाल. पण रोमन व्यापारी अक्षरांवर गुणाकार करतच नव्हता. त्याच्याजवळ हिशेबाची पाटी असे. कधी खड्यांची, तर कधी खिशात मावेल अशी काशाची, खाचांत सरकणाऱ्या मण्यांची. लॅटिनमध्ये छोट्या खड्याला ‘कॅल्क्युलस’ म्हणतात. आपला कॅल्क्युलेटर तिथूनच आला. एककाच्या खाचेत खाली चार मणी आणि वर एक मणी. वरचा एक म्हणजे पाच. शेजारची खाच दशकाची, तिच्या पलीकडची शतकाची. आठ दाखवायचे तर वरचा एक मणी आणि खालचे तीन. कागदावर व्ही आणि तीन रेघा. आणि चार दाखवायचे तर खालचे चार मणी. उतरवून घेतलं की चार रेघा! घड्याळातला चार लक्षात आला ना?

म्हणजे मोजायचं पाटीवर, आणि उत्तर टिपून ठेवायचं अक्षरांत. पाटीवर एकक-दशकाची घरं होती, रिकामी खाचही होती. ती घरं रोमन लेखनात उतरली नाहीत, एवढंच.

आता इथे आपल्यातला कोणीतरी म्हणेल, ‘‘आम्ही जगाला शून्य दिलं, रोमनांना ते जमलं नाही.’’ थांबा जरा. जुन्नरजवळ नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहनांचा, इसवी सनापूर्वीचा शिलालेख आहे. यज्ञांत काय काय दान दिलं ते त्यात आकड्यांनिशी नोंदवलंय. त्यात घरं आहेत का? नाहीत. दहाची खूण वेगळी, शंभराची वेगळी, हजाराची वेगळी. चारशे लिहायचे तर शंभराच्या खुणेला चारची खूण जोडायची. रोमन पद्धतीहून तपशिलात वेगळी, पण तिथेही शून्याची गरज नव्हती. आपले पूर्वजही त्याच वाटेवर होते. घरांची पद्धत त्यानंतर कित्येक पिढ्यांनी रुजली. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या इ.स. ८७६च्या लेखात २७० आणि ५० हे आकडे शून्यासह स्पष्ट दिसतात. अभिमान जरूर बाळगावा. पण ही गोष्ट आपल्यालाही सहज सुचलेली नव्हती, हे कळल्यावर तो अभिमान जास्त खरा होतो.

पुढे हे अंक अरबांमार्फत युरोपात गेले. पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनाचीने, १२०२ साली ग्रंथ लिहून भारतीयांचे नऊ अंक आणि शून्य समजावून दिलं. मग काय, लगेच स्वीकार झाला? मुळीच नाही. १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने आपल्या सभासदांना हिशेबाच्या वहीत नवे अंक वापरायला बंदी केली. रक्कम अक्षरांत लिहा, असा दंडक घातला. हा मागासलेपणा म्हणायचा का? व्यापाऱ्याच्या बाजूने बघा. शून्याला शेपटी काढली की सहा किंवा नऊ होतो. शेवटी एक शून्य वाढवलं की रक्कम दसपट. कर्ज घेणारा आणि देणारा यांच्यामध्ये विश्वास फक्त त्या वहीचा. ज्या गुणामुळे हे अंक हिशेबाला सोपे, त्याच गुणामुळे ते खोडसाळपणालाही सोपे.

आणि ती भीती अजून गेलेली नाही, बरं का. उद्या बँकेत जाल तेव्हा चेकवर बघा. आकड्यांत रक्कम लिहून भागत नाही. शेजारी ‘अक्षरी रुपये’ लिहावं लागतं, शेवटी ‘फक्त’ घालून रेघ ओढावी लागते. फ्लॉरेन्सच्या सराफाची शंका आपण आजही सही करून मान्य करतो.

त्या मुलीला मी तेव्हा एवढंच सांगितलं होतं की रोमन लोक पाटीवर गुणायचे. आज भेटली तर आणखी एक सांगेन. बाळ, रोमन आकडे लिहायला शीक. १९६० लिहून झालं की थांब आणि विचार, शून्य कुठे गेलं? दोन गुणांचा तो धडा खरं तर आपल्याच आकड्यांबद्दलचा आहे.

घड्याळात आता किती वाजले ते बघून थांबतो.