कापरेकर मास्तरांचे बिनकामाचे आकडे

मार्च १९७५. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क गावी, ५ तारखेच्या संध्याकाळी, गॉर्डन फ्रेंच नावाच्या माणसाच्या गॅरेजमध्ये काही हौशी मंडळी जमली. निमित्त होतं अल्टेअर ८८०० नावाच्या पेटीचं. 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाने तिला जानेवारीच्या अंकाच्या मुखपृष्ठावर छापलं होतं. तिला कीबोर्ड नव्हता की पडदा नव्हता, समोर फक्त खटक्यांची आणि लुकलुकत्या दिव्यांची रांग. सुटे भाग मागवायचे आणि घरी बसून डाग देत जोडायचे. हिचं करायचं काय, हे जमलेल्यांपैकी कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, पण त्याने त्यांचं काही अडलंही नाही. या मंडळाचं नाव होमब्रू कॉम्प्युटर क्लब. त्या पहिल्या बैठकीला स्टीव्ह वॉझनियाक हजर होता आणि पुढे त्यातूनच अ‍ॅपल उभी राहिली, ही गोष्ट तुम्ही ऐकलेली असेलच.

त्याच महिन्यात अमेरिकेतच आणखी एक गोष्ट घडली, ती मात्र सहसा कुणी सांगत नाही. 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये मार्टिन गार्डनर गणिती करमणुकीचं एक सदर लिहायचे. मार्चच्या अंकात त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीतल्या एका निवृत्त शाळामास्तरांबद्दल लिहिलं. मास्तरांचं वय तेव्हा सत्तर. नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. मला मात्र त्या शेजारी शेजारी ठेवायला आवडतात, कारण घरी बसून, कुणी न सांगता, पगार किंवा मार्क न मिळता केलेली आकडेमोड हा जो प्रकार आहे, त्याचा आपल्याकडचा मूळपुरुष कोण असं विचारलं तर मी कापरेकरांचं नाव घेईन. आयुष्यभर त्यांची यंत्रसामग्री म्हणजे कागद आणि पेन्सिल.

आधी त्यांचा प्रसिद्ध आकडा बघू. कुठलीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. तेच अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा हेच करा. २०२६ घेऊ. ६२२० वजा ०२२६ म्हणजे ५९९४. पुढे ९९५४ वजा ४५९९ म्हणजे ५३५५. मग १९९८, मग ८०८२, मग ८५३२ आणि शेवटी ६१७४. इथे पोचलं की चाक थांबतं, कारण ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४च. सुरुवात कुठूनही करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही याच आकड्याच्या दारात येता. कापरेकरांना हे १९४६ साली सापडलं. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडलं आणि पुढे 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका'त ते छापून आलं. आज जगभर त्याला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आई ते आठ वर्षांचे असताना गेली. वडील कारकून, आणि त्यांना ज्योतिषाचा नाद. कुंडली मांडायला खोल गणित लागत नाही, पण हिशेबाची सवय लागते, आणि मुलाला ती घरातच लागली.

इथे थोडं विषयांतर करतो. आपल्या पट्ट्यात आकडेमोड शिरली ती बरीचशी पंचांगाच्या वाटेनेच. आमच्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या नागावला केरो लक्ष्मण छत्रे जन्मले. त्यांचं 'ग्रहसाधनाची कोष्टके' हे पुस्तक १८६० चं. ग्रह कुठल्या दिवशी आकाशात कुठे असेल हे काढायचे तक्ते त्यात आहेत, म्हणजे एकाने एकदा घाम गाळायचा आणि बाकीच्यांनी कोष्टकात बघून काम भागवायचं. त्या काळचं सॉफ्टवेअरच म्हणा की.

कापरेकर ठाण्याच्या शाळेत शिकले, मग पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेले. १९२७ मध्ये त्यांना स्वतंत्र गणिती कामासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचं पारितोषिक मिळालं. १९२९ ला बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळेत शिकवत राहिले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतलं नाही. त्यांच्या आयुष्यात नाट्य म्हणावं असं काही नाही. जे आहे ते संख्यांमध्ये.

आणि नावं ठेवण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. एखादी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली गेली तर ती 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी. उदाहरणार्थ २०२४, अंकांची बेरीज ८, आणि २०२४ भागिले ८ बरोबर २५३. कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते, जसं १३ अधिक ४ म्हणजे १७. पण काही संख्या अशा कुणाच्याच पोटी जन्मत नाहीत. २० घ्या. कुठलीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज मिळून २० होत नाही. अशांना त्यांनी 'स्वयंभू' म्हटलं, आणि गावाच्या नावाने 'देवळाली संख्या' असंही. १, १२१, १२३२१ या माळेला त्यांनी 'डेम्लो' नाव दिलं, कारण ती कल्पना सुचली तेव्हा ते जीआयपी रेल्वेच्या डेम्लो स्टेशनात होते. डेम्लो म्हणजे आपलं डोंबिवली. लोकलची वाट बघण्याचा याहून चांगला उपयोग आजवर कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

२०२५ उजाडलं तेव्हा तुमच्याही फोनवर एक फॉरवर्ड आला असेल. २० अधिक २५ म्हणजे ४५, आणि ४५ चा वर्ग २०२५. असं वर्ष आता थेट ३०२५ ला, वगैरे. ते खरंच आहे, आणि त्यानंतर ९८०१ ला. आधीचं असं साल म्हणाल तर सन ८१. वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की मूळ संख्या परत येते, अशा ४५, ५५, ९९, २९७, ७०३ या संख्यांना गणितात कापरेकर संख्याच म्हणतात. माझ्याकडे तो फॉरवर्ड बऱ्याच ग्रुपांतून आला. मास्तरांचं नाव त्यातल्या एकातही नव्हतं.

आता मुद्द्याचं. ६१७४ ची गोष्ट सांगितली की लोक विचारतात, दहा हजार संख्या माणसाने हाताने तपासल्या? नाही तपासाव्या लागत, आणि यात खरी गंमत आहे. चार अंक उतरत्या क्रमाने लावा. पहिल्या आणि शेवटच्या अंकातला फरक काढा, आणि मधल्या दोन अंकांतला फरक काढा. वजाबाकीचं उत्तर म्हणजे पहिला फरक गुणिले ९९९ अधिक दुसरा फरक गुणिले ९०. बाकी अंक काय होते याला महत्त्वच उरत नाही. पहिला फरक १ ते ९ मधला कुठलाही, आणि दुसरा शून्यापासून पहिल्याएवढा. मोजा, एकूण ५४ जोड्या होतात. म्हणजे ९९९० संख्या पहिल्याच पायरीवर ५४ उत्तरांत गोळा होतात. त्यांतही तेच अंक इकडेतिकडे झालेली उत्तरं एकच धरली तर उरतात ३०. तीस वजाबाक्यांच्या साखळ्या! वहीचं एक पान आणि एक मोकळी संध्याकाळ पुरे.

हेच कुणी 'ब्रूट फोर्स'ने, म्हणजे सगळ्या संख्या रेटून, करू म्हटलं तर आज फोनवरही क्षणात होतं. ते करताना पायऱ्यांचा हिशेब मिळतो. बरोबर तीन पायऱ्यांत पोचणाऱ्या संख्या सर्वांत जास्त, २४००. पूर्ण सात पायऱ्या चालायला लावणाऱ्या २१८४. दोनच पायऱ्यांत उरकणाऱ्या ५७६. हा तक्ता प्रोग्राम देतो, पण असं का होतं ते सांगत नाही. त्यासाठी ते ९९९ आणि ९० लागतात.

त्यांच्या काळातल्या बऱ्याच भारतीय गणितज्ञांनी हे सगळं हसण्यावारी नेलं. त्यांची बाजूही सांगायला हवी, कारण ती अगदीच चूक नाही. ६१७४ ची जादू आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून आहे. हाताला आठ बोटं असती तर ६१७४ हा कुणीच नसता. तीन अंकांसाठी ४९५ आहे, पण दोन अंकांना असा मुक्काम नाही, ६३, २७, ४५, ०९, ८१ आणि पुन्हा ६३ असं नुसतं गोल फिरणं आहे. पाच अंकांनाही एक मुक्काम नाही, तिथे तीन वेगवेगळी वर्तुळं आहेत. गणितज्ञाला आवडतो तो सगळीकडे चालणारा नियम, आणि हा तर एका गल्लीपुरता. हे मला मान्य आहे. पण गल्लीतली गोष्ट म्हणून ती खोटी ठरत नाही. त्या हसण्याची किंमत मास्तरांनी अशी मोजली की त्यांचं पुष्कळ काम नावाजलेल्या नियतकालिकांऐवजी स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांतून बाहेर आलं, प्रकाशक स्वतः आणि पत्ता देवळालीचा. परिषदांना ते पदरमोड करून जात. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्या घ्याव्या लागल्या. दारुड्याला दारूची, तशी आपल्याला आकड्यांची ओढ आहे असं ते स्वतःच म्हणायचे.

अशी माणसं जगात इतरत्रही झाली. इंग्लंडमध्ये विल्यम शँक्स नावाचे असेच एक शाळावाले होते. त्यांनी पायची किंमत हाताने ७०७ स्थळांपर्यंत नेली, १८७३ मध्ये. पुढे सत्तर वर्षं ती कुणी तपासली नाही. १९४० च्या दशकात डी. एफ. फर्ग्युसन यांनी पुन्हा हिशेब केला तेव्हा कळलं की ५२८ व्या स्थळापासून पुढे सगळं चुकलंय. (या फर्ग्युसनांचा आपल्या कॉलेजशी संबंध नाही.) ऑटोडेस्क कंपनीचे संस्थापक जॉन वॉकर यांनी १९८७ मध्ये १९६ ही संख्या घेतली, उलटी केली, मिळवली, उत्तर पुन्हा उलटं केलं, मिळवलं, आणि हे संगणकाच्या मोकळ्या वेळात जवळजवळ तीन वर्षं चालू ठेवलं. बघायचं इतकंच होतं की उलटसुलट सारखी संख्या कधी येते का. दहा लाख अंकी संख्या झाली, तरी आली नाही. मग जपानच्या शिगेरु कोंडो यांनी अलेक्झांडर यी याने लिहिलेला प्रोग्राम घरी जोडलेल्या संगणकावर चालवून २०१० मध्ये पायचे ५ लाख कोटी अंक काढले. मशीन ९० दिवस सुरू होतं. पुढच्या वर्षी दुप्पट अंक.

शँक्स आणि कापरेकर यांत मला कापरेकर उजवे वाटतात. शँक्सनी जे रेटलं ते कुणालाही रेटता आलं असतं, कापरेकरांनी नवं विचारलं.

मी पेणला राहतो. इथे आमच्या मावसभावाचा गणपतीचा कारखाना आहे, शाडूचा. जूनपासून हवेत इतका दमटपणा असतो की मूर्ती वाळता वाळत नाहीत, आणि घाईने पंखा मारला तर तडा जातो. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी चारपाचशे रुपयांचा एक बोर्ड आणून त्याला दमटपणा मोजणारा सेन्सर जोडला. हवा ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की पंखे हळूहळू सुरू होतात आणि दादाच्या फोनवर निरोप जातो. त्याबद्दल मला 'उपयोग काय' असं कुणीही विचारलेलं नाही. पण हे काम त्या बोर्डाला मिनिटातून एकदाच असतं, बाकीचा वेळ तो रिकामा. त्या रिकाम्या वेळात मी त्याच्यावर कापरेकरांची वजाबाकी चालवतो, पाच अंकी, सहा अंकी, आता दहा अंकी. दादाने विचारलं, "अरे, याने मूर्ती लवकर सुकतात का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग चालू दे, वीज कितीशी खातंय ते."

त्या कारखान्यात सुट्टीत रंगकामाला येणाऱ्या मुलांना मी ही वजाबाकी दाखवली. त्यांनी आधी मोबाईल नंबरांचे शेवटचे चार अंक लावले, मग गाड्यांचे नंबर, मग पिनकोड. पेणचा ४०२१०७, म्हणजे २१०७. ७०८३, ८३५२, ६१७४. तीन पायऱ्या. रोह्याचा ४०२१०९, म्हणजे २१०९. ९०८१, ९६२१, ८३५२, ६१७४. चार. रोह्याच्या मुलाला उगाच जिंकल्यासारखं वाटलं. मग एकाने विचारलं, त्या मास्तरांच्या गावाचा किती?

देवळाली कॅम्प, ४२२४०१. शेवटचे चार अंक २४०१. पोरांनी पुठ्ठ्यावर खडूने केलं. ४२१० वजा ०१२४ म्हणजे ४०८६. मग ८१७२. मग ७४४३. मग ३९९६. मग ६२६४. मग ४१७६. मग ६१७४. सात.