ऋतुचक्र आणि अंडमोचन

ऋतुचक्र : स्त्रीचे अंडाशय व गर्भाशय यांत साधारण दरमहा घडणाऱ्या बदलांचा क्रम. त्यात अंडाशयातून परिपक्व अंडपेशी बाहेर पडते, त्यास अंडमोचन म्हणतात. रक्तस्राव सुरू होतो तो चक्राचा पहिला दिवस. प्रौढ स्त्रीमध्ये 21 ते 35 दिवसांचे चक्र सामान्य असते. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींत पहिली दोन-तीन वर्षे ते अनियमित राहू शकते.

प्रक्रिया : पुटिका ग्रंथी संप्रेरकामुळे अंडाशयातील पुटिका वाढते. तिच्यातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचा अंतःस्तर जाड होतो. पीतपिंडकारी संप्रेरक एकदम वाढले की सुमारे दीड दिवसात पुटिका फुटते. तिचे पीतपिंड बनते व त्यातील प्रोजेस्टेरॉन अंतःस्तर टिकवते. गर्भ न राहिल्यास पीतपिंड विरते आणि पाळी येते.

दिवसांची मोजणी : अंडमोचन सर्वांनाच चौदाव्या दिवशी होते, हा समज चुकीचा आहे. ते पुढच्या पाळीच्या सुमारे 14 दिवस आधी होते. 35 दिवसांच्या चक्रात एकविसाव्या दिवसाच्या आसपास. अंडपेशी फार तर एक दिवस, तर शुक्रपेशी पाच दिवसांपर्यंत टिकते. त्यामुळे गर्भधारणेचा काळ सुमारे सहा दिवसांचा. या दिवसांत स्राव पारदर्शक व ताणला जाणारा होतो. दुर्गंधी वा खाज नसेल, तर असे ‘अंगावरून पांढरे जाणे’ हा आजार नव्हे.

सामाजिक संदर्भ : महाराष्ट्रात यात्रा, सणवार किंवा लग्नकार्यासाठी अनेक स्त्रिया पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतात. त्यांतील नॉरएथिस्टेरॉन प्रोजेस्टेरॉनप्रमाणे अंतःस्तर धरून ठेवते. गोळी थांबवल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत स्राव सुरू होतो. ही गोळी गर्भनिरोधक म्हणून विसंबण्याजोगी नाही. रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असणाऱ्यांना ती घातक ठरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. पाळीत शरीर अपवित्र होते, या समजाला शास्त्रीय आधार नाही. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ (1927–53) मासिकातून असे विषय मराठीत उघडपणे मांडले.

सल्ला केव्हा घ्यावा : तीन महिने पाळी न येणे, आठ दिवसांहून अधिक रक्तस्राव किंवा कामधाम बंद पाडणारी पोटदुखी असल्यास डॉक्टरांना दाखवावे. पाळी चुकल्यास आशा कार्यकर्तीकडे गर्भतपासणीचे ‘निश्चय’ किट मिळू शकते. दर महिन्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवल्यास निदान सोपे होते.