डाग कोणाच्या अंगावर?

श्रोतेहो, आम्ही पुस्तकी पंडित नव्हे. हजेरीपट आणि आजाऱ्यांच्या याद्या ताडून पाहणे, एवढीच आमची विद्या. पण एका रोगाचा इतिहास त्याच विद्येने उलगडला, तो आज सांगतो.

१८७२ साली व्हिएन्नात मोरित्झ कापोसी या त्वचारोगतज्ज्ञाने अंगावर जांभळट डाग उठवणाऱ्या एका कर्करोगाचे वर्णन केले. युरोपात तो वृद्धांचा, विरळा रोग मानला गेला. ३ जुलै १९८१ रोजी मात्र न्यूयॉर्क व कॅलिफोर्नियातील २६ समलिंगी पुरुषांना तो झाल्याचे अमेरिकेत जाहीर झाले. लोकांनी त्यांच्या वर्तनाकडे बोट दाखविले. कारण शोधण्यापेक्षा माणसाला दोष देणे सोपे असते!

१९८३ मध्ये एचआयव्ही सापडला, तरी कोडे उरलेच. रक्तघटकांतून हाच विषाणू लागलेल्या हिमोफिलियाच्या रुग्णांत हा कर्करोग इतका क्वचित का? १९९० मध्ये व्हॅलेरी बेराल व सहकाऱ्यांनी आकडे ताडले आणि म्हटले, आणखी एखादा संसर्ग असला पाहिजे. १९९४ मध्ये युआन चँग व पॅट्रिक मूर या दांपत्याने तो शोधला : नागिणीच्या विषाणूच्या कुळातला, माणसाला होणारा आठवा विषाणू. एरवी तो बहुधा निपचित असतो. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचली की डोके वर काढतो.

१९९६ पासून संयुक्त औषधयोजना आली. ती जेथे पोचली तेथे हा कर्करोग ओसरला. आफ्रिकेत ती उशिरा पोचली, तेथे माणसे मरत राहिली. तेव्हा डाग रोग्याच्या चारित्र्यावर नव्हे. औषध असून ते न पोचविणाऱ्या व्यवस्थेवर आहे, असे आम्ही म्हणतो.