विझलेल्या फायरप्लेसचा इतिहास

इंग्लंडमधील जुन्या घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते : फायरप्लेस वर्षानुवर्षे पेटलेली नाही, तरी खोली गारठते ती तिच्यामुळेच. खोलीतील उबदार हवा धुराड्यातून वर निघून जाते आणि दारा-खिडक्यांच्या फटींतून थंड हवा आत ओढली जाते. (१/४)

मग धुराडे बुजवून का टाकू नये? हा मोह जुना आहे. मात्र एके काळी त्यामागे थंडी नव्हे, कर होता. १६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सच्या राजवटीत प्रत्येक चुलीमागे वर्षाला २ शिलिंग कर बसला. आपल्या घरपट्टीसारखी ही 'चूलपट्टी'च म्हणा ना! वसुली करणारे थेट घरात शिरून चुली मोजत, म्हणून लोक त्या बुजवू लागले. (२/४)

ऑक्सफर्डशायरमधील चर्चिल गावी तर, असे सांगतात, एका बेकरीवालीने कर चुकवण्यासाठी भिंत फोडून आपली भट्टी शेजाऱ्याच्या धुराड्याला जोडली. १६८४ च्या त्या आगीत सुमारे २० घरे जळाली, ४ माणसे दगावली. पुढे १६८९ मध्ये हा कर रद्द झाला. (३/४)

फायरप्लेस खऱ्या अर्थाने थंडावल्या त्या विसाव्या शतकात. डिसेंबर १९५२ मध्ये कोळशाच्या धुराने लंडनमध्ये हजारो बळी घेतले; १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. घरोघरी धुराडी रिकामी पडली, पुष्कळांनी ती घट्ट बंद केली, आणि आत कोंडलेल्या दमटपणाने भिंतींवर डाग उमटले. म्हणूनच आता जाणकार धुराड्याच्या माथ्यावर पाऊस अडवणारी टोपी आणि खाली छोटी जाळी बसवायला सांगतात. (४/४)