शिरस्त्राणाची सक्ती आणि मागील आसन

मोटारसायकल अथवा स्कूटर चालविणाऱ्याने शिरस्त्राण घालावे की घालू नये, हा प्रश्न वरवर पाहता वाहतूक-व्यवस्थेचा वाटतो. परंतु गेल्या आठ-नऊ दशकांचा इतिहास पाहिला असता असे दिसून येते की, शिरस्त्राणाच्या उपयुक्ततेविषयी मतभेद फार थोडा झाला. खरा वाद झाला तो ते घालण्याचा निर्णय कोणी करावयाचा ह्याविषयी. ह्या वादात एका बाजूस शासन आणि दुसऱ्या बाजूस वाहनचालक अशी मांडणी रूढ आहे. वाहनावर मागे बसणारी तिसरी व्यक्ती तीत बहुधा दिसत नाही. वस्तुतः स्वातंत्र्याच्या युक्तिवादाची खरी कसोटी त्या मागील आसनावरच लागते. प्रस्तुत लेखात ह्या वादाचे प्रमुख टप्पे त्या दृष्टीने तपासावयाचे आहेत.

प्रथम शब्दाचा विचार करणे उचित होईल. मराठीत हा वाद ‘हेल्मेटसक्ती’ ह्या नावाने ओळखला जातो. ‘सक्ती’ हा शब्द कठोर ह्या अर्थाच्या फारसी ‘सख़्त’ पासून आला असून ‘सक्त मजुरी’, ‘सक्त ताकीद’ ह्या प्रयोगांत तो मूळ अर्थ अद्याप जिवंत आहे. मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी ह्याच शब्दाला दुसरी छटा लाभली. नामदार गोखले ह्यांनी १९११ मध्ये मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणि शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात केलेला कायदा ह्यांच्या संदर्भात ‘सक्तीचे शिक्षण’ हा प्रयोग सुधारणेचा द्योतक ठरला. ‘हेल्मेटसक्ती’ ह्या जोडशब्दात मात्र शिक्षेची जुनी छटाच पुन्हा वर आली. भारतीय कायद्याच्या इंग्रजी पाठात केवळ संरक्षक शिरोवेष्टनाचा उल्लेख आहे. मराठी जनमानसाने त्यातील बंधन तेवढे उचलून त्याचे नाव केले. वादाचा निम्मा कल ह्या नावातच ठरून गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

शिरस्त्राणाचा शास्त्रीय इतिहास एका प्रसिद्ध मृत्यूपासून सुरू होतो. ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून ख्यात असलेले टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात, सायकलींवरील दोन मुलांना चुकविताना आपल्या मोटारसायकलवरून फेकले गेले आणि सहा दिवसांनी मरण पावले. त्यांच्या मस्तकास झालेली इजा पाहण्यासाठी ज्यांना पाचारण करण्यात आले त्यांत मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स हे होते. केर्न्स ह्यांनी पुढे १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ मध्ये ह्या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. युद्धापूर्वीच्या एकवीस महिन्यांत १,८८४ तर युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत २,२७९ मोटारसायकलस्वार व मागे बसणारे मृत्युमुखी पडल्याचे त्यांनी त्यात नोंदविले. शिरस्त्राण घातलेले केवळ सात जखमी त्यांच्या पाहण्यात आले होते, आणि त्यांपैकी एकही दगावला नव्हता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ब्रिटिश सैन्याने कामावरील मोटारसायकलस्वारांस शिरस्त्राण अनिवार्य केले. येथे लक्षात ठेवावयाची गोष्ट अशी की, केर्न्स ह्यांच्या गणनेत मागे बसणारा आरंभापासूनच समाविष्ट होता.

सैनिकास आज्ञा करणे आणि नागरिकास आज्ञा करणे ह्यांत महदंतर आहे. जॉन स्टुअर्ट मिल ह्यांनी १८५९ मध्ये स्वातंत्र्यावरील आपल्या ग्रंथात असा सिद्धांत मांडला होता की, व्यक्तीवर तिच्या इच्छेविरुद्ध सत्ता चालविण्याचे समर्थन केवळ इतरांची हानी टाळण्यासाठीच होऊ शकते. तिचे स्वतःचे हित हे त्यास पुरेसे कारण नव्हे. धोक्याची केवळ शक्यता असेल, तर प्रौढ व समंजस माणसास सावध करावे. त्यास अडवू नये, असे त्यांचे मत होते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९६१ मध्ये सर्व मोटारसायकलस्वारांवर शिरस्त्राणाचे बंधन घातले तेव्हा ह्या सिद्धांताची सीमा जगात प्रथमच ओलांडली गेली.

अमेरिकेत ह्या प्रश्नाला घटनात्मक स्वरूप आले. १९६६ च्या महामार्ग-सुरक्षा कायद्यानंतर संघसरकारने निधीची अट घालून राज्यांना शिरस्त्राणाचे कायदे करावयास लावले आणि १९७५ पर्यंत तीन राज्ये वगळता सर्वत्र तसे कायदे झाले. तथापि मिशिगनच्या अपील न्यायालयाने १९६८ मध्ये आणि इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये हे बंधन अवैध ठरविले. स्वतःपुरता धोका पत्करणाऱ्यास रोखण्याचा अधिकार शासनास नाही, अशी त्यांची भूमिका होती. उलट मॅसॅच्युसेट्समधील संघीय न्यायालयाने १९७२ मध्ये निराळा दृष्टिकोण घेतला. अपघातग्रस्तास रस्त्यावरून उचलण्यापासून रुग्णालयात नेण्यापर्यंत, आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या पोषणापर्यंत, सर्व भार समाजावर पडतो. सबब ही केवळ त्याची खाजगी बाब नव्हे, असा त्याचा निष्कर्ष होता. १९७६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने निधीची अट काढून घेताच चार वर्षांत निम्म्याहून अधिक राज्यांनी आपले कायदे रद्द अथवा शिथिल केले. ज्या कॅलिफोर्नियाने दीर्घकाळ हा कायदा टाळला, तेथे तो १९९२ च्या आरंभी लागू झाला. १९९१ मध्ये त्या राज्यात ५२३ मोटारसायकलस्वार मृत्यू पावले होते. १९९२ मध्ये ही संख्या ३२७ झाली.

ब्रिटनमध्ये १ जून १९७३ पासून नागरिकांवर बंधन आले. त्यास विरोध करणाऱ्यांत फ्रेड हिल ह्या वृद्ध गृहस्थाचे नाव प्रसिद्ध आहे. त्यांनी शिरस्त्राणाऐवजी साधी टोपी घालून मोटारसायकल चालविली, दंड भरण्यास नकार दिला, वेळोवेळी तुरुंगवास पत्करला आणि १९८४ मध्ये शिक्षा भोगत असतानाच ते वारले. त्यांच्यासाठी कायदा बदलला नाही. शीख समाजाने मात्र पगडी हा धर्माचरणाचा भाग आहे, आणि दोन्ही महायुद्धांत शीख सैनिक पगडी बांधूनच लढले, हे मांडले. १९७६ मध्ये पार्लमेंटने स्वतंत्र कायदा करून पगडीधारी शिखांस सूट दिली. ह्या दोन घटना शेजारी ठेवल्या असता एक गोष्ट स्पष्ट होते. कायद्याने समूहाची श्रद्धा मान्य केली. एकट्या व्यक्तीची इच्छा मान्य केली नाही. तथापि दोहोंत एक साम्यही आहे. हिल असोत वा पगडीधारी शीख स्वार असोत, ज्याने सूट मागितली त्यानेच आपल्या मस्तकावर धोका घेतला होता.

भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९७७ च्या दुरुस्तीने कलम ८५-अ घालण्यात आले आणि पुढे १९८८ च्या कायद्यात कलम १२९ म्हणून ते कायम झाले. दोन्ही ठिकाणी पगडीधारी शिखांचा अपवाद आहे. आंध्र प्रदेशातील अशाच नियमास संचारस्वातंत्र्याच्या आधारे आव्हान देण्यात आले असता, १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘अजय कानू’ खटल्यात तो नियम वैध ठरविला. नागरिकाच्या संरक्षणासाठी घातलेले हे बंधन संचारस्वातंत्र्यावरील आघात होऊ शकत नाही, असे न्यायालयाचे मत पडले.

न्यायालयाने निर्णय दिला तरी लोकमत वळले नाही. महाराष्ट्रात ह्याचे ठळक उदाहरण पुणे होय. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे हे नगर पुढे स्कूटरींचे झाले. तेथे २०१६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१९ मध्ये अंमलबजावणी कडक होताच संघटित विरोध झाला, मोर्चे निघाले. शहरातील वाहनांचा वेग अल्प असतो, शिरस्त्राणाने मान अवघडते, महामार्गावर सक्ती करा पण शहरात नको, असे युक्तिवाद पुढे आले. १८९१ च्या संमतिवयाच्या वादाचे स्मरण येथे होणे स्वाभाविक आहे. परक्या सरकारने समाजाच्या व्यवहारात कायद्याने हात घालू नये, असे टिळकांचे म्हणणे होते, तर आगरकरांनी कायद्याचा पुरस्कार केला होता. १९४७ नंतर सरकार परके राहिले नाही, म्हणून त्या आक्षेपाचा राजकीय आधार गेला. परंतु ‘आम्हांस शहाणपण शिकवू नका’ ही भावना उरली. ही भावना सर्वस्वी त्याज्य नव्हे. खड्डे, अपुरा प्रकाश आणि बेशिस्त वाहतूक ह्यांची जबाबदारी झटकून केवळ दंड वसूल करणाऱ्या व्यवस्थेवर नागरिकाने अविश्वास दाखविला, तर त्यास कारण आहे.

तथापि संमतिवयाच्या वादात ज्या बालिकेचे हित पणाला लागले होते, तिचा आवाज त्या गदारोळात ऐकू आला नाही, हेही तितकेच खरे. शिरस्त्राणाच्या वादात ते स्थान मागे बसणाऱ्या व्यक्तीचे आहे. दिल्लीत शीख समाजाच्या आक्षेपानंतर १९९९ मध्ये सर्वच स्त्रियांना शिरस्त्राण ऐच्छिक करण्यात आले. ज्यांनी ही सूट मागितली नव्हती, अशा स्त्रियाही तीत आल्या. २०१४ मध्ये नियम बदलून केवळ शीख स्त्रियांपुरती सूट ठेवण्यात आली. मधल्या पंधरा वर्षांत पुढे बसलेल्या पुरुषाचे मस्तक कायद्याच्या संरक्षणात आणि मागे बसलेल्या स्त्रीचे मस्तक त्याबाहेर, अशी स्थिती राहिली. २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील प्रत्येकास शिरस्त्राण आवश्यक केले आणि उल्लंघनास एक हजार रुपये दंड व तीन महिने परवान्याची अपात्रता सांगितली. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये शिरस्त्राण न घातलेल्या ५०,०२९ व्यक्ती देशात मृत्यू पावल्या. त्यांपैकी ३५,६९२ चालक होते. उरलेल्या १४,३३७ व्यक्ती मागे बसलेल्या होत्या.

मिल ह्यांचा सिद्धांत प्रामाणिकपणे लावला तर चालकाच्या स्वातंत्र्याविषयी दुमत होऊ शकते, आणि इलिनॉय व मॅसॅच्युसेट्स ह्यांच्या निकालांवरून ते झालेही. परंतु तो सिद्धांत मागील आसनापर्यंत आपोआप पोचत नाही. वेग किती ठेवावा, वाट कोणती घ्यावी, केव्हा पुढे घुसावे, हे सर्व चालक ठरवितो; घरात शिरस्त्राणे किती घ्यावयाची, हेही पुष्कळदा तोच ठरवितो. मागे बसलेल्या पत्नीने, वृद्ध आईने अथवा शाळकरी मुलाने धोका स्वेच्छेने पत्करला, असे म्हणता येणे कठीण आहे. नव्या दुचाकीबरोबर एक शिरस्त्राण देण्याचे बंधन केंद्रीय नियमांनी उत्पादकांवर घातले. दोन द्यावीत, असा मसुदा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. एकापासून दोनपर्यंतचे हे अंतर विचारात घेण्यास इतकी वर्षे लागावीत, ह्यावरून आजवर वाद कोणाच्या स्वातंत्र्याचा चालला होता, हे कळून येते. ज्यास सक्ती नको आहे, त्याने निदान आपल्या मागे बसणाऱ्यास दुसरे शिरस्त्राण देऊन मग आपल्या स्वातंत्र्याचा पक्ष मांडावा. तेवढे केल्यावाचून तो पक्ष त्याच्या एकट्याचा राहत नाही.