उत्पल दत्त : कोलकात्याच्या रंगभूमीचा लढवय्या नट

'गोलमाल' (१९७९) या चित्रपटात अमोल पालेकरांच्या मिशीवरून फसणारे भवानीशंकर मराठी प्रेक्षकांच्या चांगलेच स्मरणात आहेत. ही भूमिका करणारे उत्पल दत्त हे मुळात कोलकात्याच्या रंगभूमीवरील नट, नाटककार आणि दिग्दर्शक होते. नाटकापायी त्यांनी तुरुंगवासही भोगला.

२९ मार्च १९२९ रोजी जन्मलेल्या दत्त यांनी कोलकात्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून इंग्रजी साहित्याची पदवी घेतली. शिकत असतानाच, १९४७ मध्ये, जेफ्री केंडल यांच्या फिरत्या शेक्सपिअर नाटक मंडळीत त्यांना प्रवेश मिळाला. त्याच सुमारास त्यांनी स्वतःची नाट्यसंस्था उभारली. 'लिटल थिएटर ग्रुप' या नावाने प्रसिद्ध झालेली ही संस्था आरंभी इंग्रजी नाटके करीत असे. परंतु मूठभर इंग्रजी जाणणाऱ्यांपुरती मर्यादित असलेली रंगभूमी मार्क्सवादी दत्त यांना अपुरी वाटू लागली व ते बंगालीकडे वळले.

१९५९ मध्ये मिनर्व्हा थिएटरमध्ये आलेल्या 'अंगार' या नाटकाने कोळसा खाणीतील कामगारांची शोकांतिका मांडली. त्याचे संगीत रविशंकर यांचे होते, तर तापस सेन यांच्या प्रकाशयोजनेने खाणीत शिरणारे पाणी रंगमंचावर साकार केले. १९६५ मधील 'कल्लोल' या नाटकाचा विषय होता मुंबईतील १९४६ चे नाविकांचे बंड. नाटकातील 'खैबर' जहाजावरील नाविक शरणागती पत्करत नाहीत. काँग्रेस नेतृत्वावरील टीकेमुळे हे नाटक वादग्रस्त ठरले. त्याच वर्षी दत्त यांना अटक झाली आणि खटला न चालवता अनेक महिने स्थानबद्ध ठेवण्यात आले. नाटकाची लोकप्रियता मात्र ओसरली नाही.

पुढे त्यांनी 'पीपल्स लिटल थिएटर' ही संस्था स्थापन केली. तिच्या 'टिनेर तलवार' (१९७१) या नाटकाला १८७६ च्या नाट्यप्रयोग नियंत्रण कायद्याची पार्श्वभूमी आहे. खेड्यापाड्यांतील प्रेक्षकांसाठी त्यांनी 'जात्रा' या बंगाली लोकनाट्यातही लेखन-दिग्दर्शन केले. पत्नी शोभा सेन या अभिनेत्रीची त्यांना या कार्यात साथ लाभली.

१९६९ हे वर्ष त्यांच्या चित्रपट कारकिर्दीत महत्त्वाचे ठरले. मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम'मधील कठोर रेल्वे अधिकाऱ्याच्या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पोर्तुगीज राजवटीविरुद्धच्या गोव्याच्या लढ्यावरील ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'सात हिंदुस्तानी'तही ते होते. सत्यजित राय यांच्या 'हीरक राजार देशे' (१९८०) मध्ये त्यांनी जुलमी राजा, तर 'आगंतुक' (१९९१) मध्ये अनेक वर्षांनी घरी परतणारा मामा साकारला. 'गोलमाल', 'नरम गरम' आणि 'रंगबिरंगी' या चित्रपटांतील विनोदी भूमिकांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाले.

संगीत नाटक अकादमीने १९९० मध्ये त्यांना फेलोशिप देऊन गौरविले. १९ ऑगस्ट १९९३ रोजी कोलकाता येथे त्यांचे निधन झाले. हिंदी प्रेक्षकांनी त्यांना विनोदी अभिनेता म्हणून आपलेसे केले, तरी बंगालमध्ये त्यांचे नाव आजही प्रथम राजकीय रंगभूमीशी जोडले जाते.