ती दोन वर्षे मोजायची का?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असं मंडळींनी सांगितलं. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. दिवसा शेत आणि रात्री कीर्तन, त्यात लेखणी फारशी हातात येत नाही. तेव्हा कीर्तनात उभं राहून बोलतो तसंच लिहीत आहोत. गोड मानून घ्यावं.

शताब्दीचा हिशेब करायला मंडळी बसली तेव्हा एक वाद निघाला. दिंडीच्या वहीत दरसालची नोंद आहे. टाळकरी किती, भिशी किती जमली, मुक्काम कुठं, पंगत कुणाची, सगळं आहे. २०२० आणि २०२१ या दोन सालांची पानं मात्र कोरी. काही तरुण मंडळी म्हणाली, पायी वारी झाली नाही, मग दिंडी अठ्ठ्याण्णव वर्षांचीच धरा. जुनी मंडळी म्हणाली, वारी खंडली नाही, शंभरच धरा. वरून बघता हा आकड्याचा वाद दिसतो. पण रोगराईत माणसानं दुसऱ्याच्या जिवासाठी आपलं काही सोडलं, तर ते जमेला धरायचं की तुटीला, हे त्यातून ठरणार आहे. म्हणून जरा मागं जाऊन बघू.

वारी आणि साथ यांची ओळख जुनी. लाखो माणसं एका नदीचं पाणी पितात, एका वाळवंटात झोपतात, तिथं पटकी यायचीच. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं सांगत, पटकीची सुई टोचून घेतल्याशिवाय पंढरीत सोडत नसत. दंड सुजायचा, ताप यायचा, तरी माणूस टोचून घेऊन पुढं चालायचा. नाका चुकवून आडरानानं जाणारेही होतेच. म्हंजे तेव्हाही दोन्ही तऱ्हेची माणसं होती.

त्याआधीची गोष्ट प्लेगाची. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला आणि पुढं पुण्यात पसरला. सरकारनं १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा केला. २०२० साली कोरोना आला तेव्हा हाच सव्वाशे वर्षांचा जुना कायदा पुन्हा काढला गेला. पुण्यात रँड साहेबानं घरं तपासायला गोरे सोजीर घातले. ते बूट घालून स्वयंपाकघरात शिरले, देवघरात शिरले. बायामाणसांची लाज राखली नाही. मग लोकांनी काय केलं? रोगी लपवले. माणूस मेला तरी सांगेनात. शेवटी २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. रोग खरा होता, बंदोबस्ताची गरजही खरी होती. पण काठीच्या जोरावर त्याग करून घेता येत नाही. काठीनं माणूस फक्त लपतो.

त्याच सालात दोन माणसं वेगळी वागली. मुंबईत हाफकिन नावाचे परदेशातून आलेले शास्त्रज्ञ होते. त्यांनी प्लेगाची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःच्या अंगाला टोचून घेतली, मग दुसऱ्याला दिली. पुण्यात सावित्रीबाई फुले साठीच्या वयात रोग्यांची सेवा करत होत्या. त्यांचे चिरंजीव डॉक्टर यशवंत यांनी गावाबाहेर ससाण्यांच्या माळावर दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथवर गेल्या. त्यातच त्यांना प्लेग लागला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. या दोघांनी लोकांना नुसतं सांगितलं नाही, आधी स्वतः पुढं झाले. रोगराईत लोक कुणाचं ऐकतात याचं उत्तर आम्हाला इथं सापडतं.

नंतर आली मानमोडी. इंग्रजीत तिला इन्फ्लुएंझा म्हणतात. १९१८ च्या जून महिन्यात ती मुंबई बंदरातून शिरली आणि भाद्रपद-आश्विनात खेड्यापाड्यांत पसरली. त्यात पावसानं ओढ दिलेली. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. घरंच्या घरं अंथरुणाला खिळलेली, पाणी द्यायला माणूस नाही. अशा वेळी शेजाऱ्यानं शेजाऱ्याच्या उंबऱ्यात पेजेचा तांब्या नेऊन ठेवला, म्हणून कितीतरी जीव वाचले. आपली दिंडी निघाली तेव्हा मानमोडी होऊन सात-आठ वर्षंच झाली होती. ज्यांनी पहिली पताका खांद्यावर घेतली, त्यांनी ते दिवस भोगलेले होते. माणूस माणसाला कसा धरून राहतो हे ते दिंडीत घेऊनच आले.

आता आपल्या डोळ्यांदेखतचं सांगतो. १७ मार्च २०२० ला पंढरीचं मंदिर दर्शनाला बंद झालं. २५ मार्चपासून सगळा देश बंद. चैत्री वारी गेली. गावोगावचे हरिनाम सप्ताह गेले. गावांनी वेशीवर काट्या टाकल्या. लग्नाला पन्नास माणसं, मयताला वीस. मे महिन्यात पुण्यात सरकारच्या आणि सोहळाप्रमुखांच्या बैठका झाल्या आणि पायी वारी नाही असं ठरलं. देहूचं प्रस्थान १२ जूनला आणि आळंदीचं १३ जूनला मोजक्या माणसांत झालं. पादुका मंदिरातच राहिल्या. दशमीला, ३० जूनला, फुलांनी सजवलेल्या एसटीतून त्या पंढरीला गेल्या. एका पालखीबरोबर वीस माणसं. दिवे घाट सुना, चांदोबाचा लिंब सुना, वाखरीचा तळ सुना. १ जुलैची एकादशी पंढरीत संचारबंदीत झाली. शासकीय पूजेचा मान दरवर्षी दर्शनाच्या रांगेतल्या जोडप्याला मिळतो. त्या साली रांगच नव्हती, म्हणून तो मंदिरात वीणा घेऊन पहारा करणाऱ्या विणेकऱ्यांतून दिला गेला.

वारकऱ्याला वारी सोड म्हणणं म्हंजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. अर्धी पेरणी पोरांवर टाकून, दुखणं अंगावर काढून, उसनवारी करून माणूस निघतो. बापाची वारी पोरगा चालवतो, सासूची वारी सून चालवते. असा नेम मोडायचा तर हात थरथरतो. तरी लाखो माणसं घरी बसली. पोलिसांची भीती होती, नाही कशाला म्हणा. पण नुसत्या भीतीनं एवढी माणसं थांबत नाहीत. ज्यांच्या खांद्यावर माउलींचा आणि तुकोबारायांचा सोहळा, ती मंडळी आधी थांबली. रथ थांबला, घोडा थांबला, चोपदार थांबले. मग मागचा टाळकरी काय म्हणून निघेल?

दुसरं कारण आपल्या संप्रदायाच्या मुळातच आहे. आईबापाची सेवा चालली होती म्हणून पुंडलिकानं दारात आलेल्या देवाला वीट दिली आणि थांबायला सांगितलं. देव रागावला नाही. विटेवर उभा राहिला तो आजवर उभाच आहे. आपण वारी करून रोग घरी आणायचा आणि तो म्हाताऱ्या आईला द्यायचा, हे पुंडलिकाच्या कुठल्या हिशेबात बसतं? कीर्तनात हा दाखला आम्ही शेकडो वेळा दिला असेल. त्या साली तो जगून दाखवायची पाळी आली.

आपल्या दिंडीत काय झालं तेही नोंदवून ठेवतो. आळंदीच्या प्रस्थानापासून एकादशीपर्यंत गावच्या देवळात वीणा खाली ठेवली नाही. एका वेळी एकच विणेकरी, दर प्रहराला बदली, दाराला आतून कडी. संध्याकाळी हरिपाठाच्या वेळी ज्यानं त्यानं आपल्या ओट्यावर टाळ धरला. भिशी जमलेली होती. ती परत घ्या म्हटलं तर कुणी घेईना. तिचं धान्य आणून अडकून पडलेल्या ऊसतोड आणि वीटभट्टीच्या मजुरांना वाटलं. फलटणच्या पुढं तीन पिढ्या आपल्याला पंगत देणारं एक घर आहे. तिथल्या आजींनी ठरल्या दिवशी तेवढाच स्वयंपाक केला आणि रस्त्यानं चालत गावाकडं निघालेल्या माणसांना वाढला. फोनवर म्हणाल्या, "माझी पंगत चुकली नाही बरं का, बुवा."

पण सगळ्यांचं सोडणं सारखं नव्हतं, हेही लिहिलं पाहिजे. आमचा नेम गेला, पण घरात ज्वारी होती. पंढरीतल्या कुंकू-बुक्का, तुळशीमाळा, चुरमुरे विकणाऱ्याचं वर्षाचं पोट आषाढीवर. चंद्रभागेतल्या होडीवाल्याचं तसंच. चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी अशा चारी वाऱ्या त्यांच्या हातून गेल्या. सप्ताह बंद म्हणून मृदंगाचार्य आणि गायक मंडळी रोजगारानं गेली. त्यागाचं कौतुक करताना कुणाचं किती गेलं हे विचारावं. ज्याचं जास्त गेलं त्याच्या ताटात आपल्यातलं घालावं. ते आपल्याकडून थोडंच झालं, सगळीकडून थोडंच झालं.

दुसऱ्या सालाची परीक्षा जास्त अवघड होती. पहिल्या साली सगळेच थांबले होते. २०२१ च्या एप्रिलात पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक झाली, सभा झाल्या, गर्दी झाली. पारावर लोक विचारू लागले, सभेला माणसं चालतात आणि वारीलाच रोग होतो का? प्रश्न रास्त होता, आजही रास्त आहे. काही जाणत्या मंडळींनी पायी जायचा आग्रह धरला, गाऱ्हाणं कोर्टापर्यंत गेलं, पण परवानगी मिळाली नाही. आपल्या बैठकीतही चढे आवाज निघाले. तेव्हा एक जुने माळकरी एवढंच बोलले, "दुसऱ्यानं नेम मोडला म्हणून आपण माणुसकी मोडायची का?" बैठक तिथंच संपली. त्या साली मानाच्या दहा पालख्या बसनं वाखरीपर्यंत गेल्या आणि शेवटचा थोडा टप्पा तेवढीच माणसं पायी चालली. एकादशी २० जुलैला झाली.

लशीची गोष्टही तशीच. गावात नाही नाही त्या अफवा. मग विणेकरी बुवा आणि आम्ही आधी जाऊन टोचून घेतलं, दोन दिवस पारावर बसून दाखवलं, मग रांग लागली. हाफकिन साहेबांचं नाव तेव्हा गावात कुणाला ठाऊक नव्हतं, पण रीत तीच.

त्या लाटेत दिंडीतली माणसंही गेली. चाळीस-चाळीस वाऱ्या केलेल्या माउली गेल्या. वारकऱ्याची शेवटची वाट टाळ-मृदंगाच्या गजरात जायची. यांना चार खांदेही धड मिळाले नाहीत, भजन नाही, वीणा नाही. घरच्यांनी लांबून हात जोडले. जिवंतपणी वारी सोडली आणि जाताना गजरही सोडला. २०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली, १० जुलैच्या एकादशीला आपण कळसाचं दर्शन घेतलं, तेव्हा ही माणसं आपल्या रांगेत नव्हती.

म्हणून आमचं मत असं आहे. दिंडी शंभर वर्षांचीच धरावी आणि वहीतली दोन कोरी पानं भरावीत. तिथं लिहावं की या साली पायी वारी झाली नाही, दिंडीनं ती लोकांच्या जिवासाठी सोडली. खाली त्या दोन वर्षांत गेलेल्या माउलींची नावं लिहावीत. मजुरांना वाटलेल्या धान्याचा हिशेब लिहावा. फलटणच्या पुढच्या त्या पंगतीची नोंदही करावी. साथी येतात आणि जातात, पुढंही येतील. तेव्हा आपली नातवंडं ही वही उघडतील. पान कोरं दिसलं तर त्यांना वाटेल, आजोबा भिऊन घरी बसले. लिहिलेलं दिसलं तर काय सोडायचं आणि आधी कुणी सोडायचं, हे त्यांना दुसऱ्या कुणाला विचारावं लागणार नाही.

येत्या दशमीच्या बैठकीत यावर सर्वांनी आपलं मत द्यावं, ही विनंती. रामकृष्णहरी.